पाठवायचं कुठे, माय लॉर्ड?

आश्रय मागायला आलेला माणूस दीड वर्षानं सरकारला लेखी कळवतो की तुमचा आश्रय राहू द्या, मला हाकलून द्या. आणि सरकारला त्याला हाकलता येत नाही. एखाद्या फार्सात असा प्रवेश लिहिला असता तर दिग्दर्शकानं तो अतिरंजित म्हणून कापला असता. ऑस्ट्रेलियात हे २००२ साली घडलं. त्यावर तिथल्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयानं सात न्यायमूर्ती बसवून निकाल दिला, आणि तो निकाल एकोणीस वर्षं कायदा म्हणून चालला.

खटल्याचं नाव अल्-कातेब. हा तरुण १९७६ साली कुवेतमध्ये जन्मला. आईवडील पॅलेस्टिनी. कुवेतमध्ये जन्म घेतला म्हणून कुणी कुवेती होत नाही, त्यामुळे जन्मल्या दिवसापासून त्याला कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं. डिसेंबर २००० मध्ये तो बोटीनं, व्हिसाविना ऑस्ट्रेलियाला पोचला. असा माणूस आला की त्याला थेट स्थानबद्ध करायचं, असा तिथला कायदा १९९२ पासून आहे. त्यानं संरक्षण व्हिसाचा अर्ज केला, खात्यानं फेटाळला. निर्वासितांच्या न्यायाधिकरणानं नकार कायम केला. फेडरल कोर्टात गेला, तिथंही हात हलवत परत. मग त्यानं कळवलं की मला कुवेतला पाठवा, ते जमत नसेल तर गाझाला पाठवा. भीक नको पण कुत्रा आवर, याहून वेगळं त्यात काही नव्हतं.

कुत्रा काही आवरेना. खात्यानं इजिप्त, जॉर्डन, कुवेत, सीरिया अशी दारं वाजवली. कुणी घेईना. गाझाला पाठवायचं तर परवानगी इस्रायलची, आणि ती मिळेना. २००३ साली फेडरल कोर्टाच्या न्यायमूर्तींनी स्पष्ट निष्कर्ष नोंदवला की नजीकच्या भविष्यकाळात या माणसाला ऑस्ट्रेलियाबाहेर पाठवता येईल अशी कोणतीही खरी शक्यता दिसत नाही. इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की आता सुटका. पण त्याच न्यायमूर्तींनी त्याच निकालात सांगितलं की स्थानबद्धता कायदेशीर आहे. का? तर कायदा म्हणतो, व्यवहारतः शक्य होईल तितक्या लवकर बाहेर पाठवा आणि तोवर कोंडून ठेवा. शक्य होत नाही, म्हणून 'तोवर' चालूच. ६ ऑगस्ट २००४ रोजी हायकोर्टानं, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं, चार विरुद्ध तीन अशा मतांनी यावर शिक्का मारला. बहुमतातल्या एका न्यायमूर्तींनी निकालपत्राच्या सुरुवातीलाच मान्य केलं की या माणसाची अवस्था शोकात्म आहे खरी, तरी अपील फेटाळलंच पाहिजे.

शोकात्म! हा शब्द लिहून पुढं सही करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटावा अशी अपेक्षा असते. मला तो वाटत नाही. मुख्य न्यायमूर्ती ग्लीसन, न्या. गमो आणि न्या. कर्बी या तिघांना तोच कायदा, तीच कलमं, तोच इंग्रजी शब्दकोश हाताशी असताना वेगळा अर्थ दिसला. पाठवणं अशक्य असेल तर कायदा माणसाला आजन्म कोंडायला सांगत नाही, एवढं साधं त्यांनी वाचलं. म्हणजे अर्थ दोन्ही निघत होते. चौघांनी त्यातला एक निवडला, आणि निवडल्यावर म्हणाले की आमचे हात बांधलेले आहेत.

या माणसाला शेवटी कुणी सोडवलं? लोकांनी गदारोळ केल्यावर २००५ मध्ये त्याला तात्पुरता व्हिसा मिळाला, पण नोकरी करायची मुभा नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये कायमचा मिळाला. दोन्ही मिळाले ते सरकारच्या मर्जीनं. न्यायाच्या सगळ्या पायऱ्या चढून उतरल्यावर.

आता मूळ रोगाकडे येतो. आपल्याकडे रिटचं काम करणाऱ्या वकिलाला पहिल्या वर्षात जे वाक्य पाठ होतं, तेच सिडनी, लंडन आणि ओटावातही चालतं: हे अपील नाही, रिट आहे. न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणजे निर्णय बरोबर की चूक हे बघणं नव्हे, निर्णय कसा घेतला ते बघणं. अधिकाऱ्याला अधिकार होता का, म्हणणं ऐकून घेतलं का, सुसंगत बाबी विचारात घेतल्या का, कारणं दिली का. एवढं ठीक असेल तर निष्कर्ष कितीही चुकीचा वाटो, कोर्ट त्यात पडणार नाही. ही शिस्त मला मान्य आहे. रस्त्याचं टेंडर कुणाला द्यायचं, दारूचा परवाना कुणाचा रद्द करायचा, मास्तरांची बदली गडचिरोलीला करायची की गुहागरला, हे न्यायमूर्तींनी ठरवू नये. तिथं हरलेला माणूस संध्याकाळी घरी जातो, चिडतो, जेवतो, झोपतो.

या सगळ्या शिस्तीच्या पोटात एक गृहीत दडलेलं आहे. हरलेल्याला घर आहे. ज्याला ते नाही, त्याच्यापुढं ही शिस्त चालवणं याला मी न्यायालयीन संयम म्हणत नाही. सभ्य भाषेतला पळपुटेपणा म्हणतो.

आणि समजा जिंकला तर? कोर्ट निर्णय रद्द करतं आणि प्रकरण त्याच खात्याकडे परत धाडतं. मॅटर रिमांड. नवा अधिकारी जुना निकाल समोर ठेवून बसतो. मागच्यानं कोणता पुरावा विचारात घेतला नाही म्हणून कोर्टानं झापलं, ते तो वाचतो, आणि या वेळी त्या पुराव्याचा उल्लेख करून, तीन परिच्छेद वाढवून, तोच नकार लिहितो. कोर्टानं खात्याला नकार कसा लिहावा याची फुकट शिकवणी दिली, एवढाच त्या विजयाचा अर्थ. दुसऱ्यांदा रिट केलं तर आता आदेश कसा चोख! बोट ठेवायला जागा नाही. अर्जदाराची भीती तीच, गाझा तीच, बंद दार तेच, आणि वर तीन-चार वर्षं गेलेली.

कोर्टाच्या आत शिरणं हीच मुळात परीक्षा आहे. कॅनडात निर्वासित मंडळानं नकार दिला की फेडरल कोर्टात जायला आधी परवानगी मागावी लागते. देशातल्या देशात झालेल्या निर्णयावर त्यासाठी मुदत पंधरा दिवस. परवानगी नाकारली तर कारण सांगायची पद्धत नाही, आणि त्या नकाराविरुद्ध अपील नाही. ज्या व्यवस्थेचा सगळा भर 'अधिकाऱ्यानं कारणं दिली का' यावर आहे, तिचं पहिलं दार विनाकारण बंद होतं! परवानगी मिळाली, खटला चालला, हरलात, तर वर जायला त्याच न्यायाधीशानं 'सार्वत्रिक महत्त्वाचा गंभीर प्रश्न' आहे असं प्रमाणित करावं लागतं. ब्रिटनमध्ये एकदा हरलेल्यानं नवे पुरावे आणले तर ते पुरावे 'नवा दावा' ठरण्याइतके वेगळे आहेत का, हे कोण ठरवतं? ज्यानं मागचा नाकारला तेच खातं. खातं 'नाही' म्हणालं तर अपील मिळत नाही, उरतं फक्त पुनर्विलोकन. तिथंही न्यायाधीश आधी कागदावर परवानगी देतो किंवा नाकारतो, आणि 'पूर्णतः निराधार' असा शेरा मारला की तोंडी सुनावणी मागायचीही सोय नाही. जगात कुठंच ज्याचं तोंड बघितलं जात नाही, त्याचं तोंड कोर्टानंही बघायचं नाही, अशी ही तजवीज.

हे झालं कार्यपद्धतीचं. खरी चीड येते ती युक्तिवादाची.

१९५१ च्या निर्वासित करारात नागरिकत्व नसलेल्यांसाठी वेगळी तरतूद आहे. त्याला देश नाही, म्हणून 'पूर्वी कायम राहत होता तो देश' धरायचा, आणि तिथं छळाची रास्त भीती आहे का ते बघायचं. आता कुवेतमध्ये वाढलेला पॅलेस्टिनी घ्या. १९९० पर्यंत तिथं सुमारे चार लाख पॅलेस्टिनी होते. शिक्षक, इंजिनियर, हिशेबनीस, तेल कंपन्यांतले कामगार. सद्दामच्या इराकनं कुवेत गिळलं, पॅलेस्टिनी नेते अराफतांनी सद्दामची बाजू घेतली, १९९१ मध्ये कुवेत मुक्त झालं, आणि बहुतेकांना देश सोडावा लागला. परत येऊ दिलं नाही. हा माणूस कोर्टात म्हणतो, माझं जे काही घर होतं तिथून मला कायमचं बाहेर काढलंय. कोर्ट विचारतं, तुम्ही त्या देशाचे नागरिक होता का? नाही. मग परक्याला प्रवेश नाकारणं हा कोणत्याही सार्वभौम देशाचा अधिकार आहे, त्यात छळ कसला?

ब्रिटनच्या कोर्ट ऑफ अपीलनं २००८ मध्ये व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातल्या एका अर्जदाराच्या प्रकरणात हाच सूर लावला. नागरिकाला त्याच्याच देशात शिरू न देणं ही गंभीर बाब. नागरिकत्वच नसलेल्याला शिरण्याचा हक्कच नाही, म्हणून त्याला अडवणं म्हणजे छळ नव्हे. वाचताना क्षणभर तर्क बिनतोड वाटतो. मग लक्षात येतं की यात ज्याचं सर्वस्व गेलं त्याचं काहीच गेलं नाही असा हिशेब मांडलाय. जितकं जास्त हिरावलं तितकी तक्रार कमजोर. ज्यानं त्याला नागरिकत्वाविना ठेवलं, त्या कृत्याचाच पुढं बचाव म्हणून उपयोग. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असं विचारणारे निदान बाप कुणी मारला हे तरी विचारतात.

आणि पॅलेस्टिनी माणूस नागरिकत्वाविना आभाळातून पडत नाही. तो तसा घडवला जातो, कार्यालयांत, तारखा टाकून. ३१ जुलै १९८८ ला जॉर्डनच्या राजानं पश्चिम किनाऱ्याशी, म्हणजे वेस्ट बँकशी, कायदेशीर आणि प्रशासकीय संबंध तोडल्याचं जाहीर केलं. तिथली लाखो माणसं रात्री जॉर्डनची नागरिक म्हणून झोपली आणि सकाळी कुणाचीच नव्हती. १९६७ च्या युद्धानंतर इस्रायलनं तिथं जनगणना केली, लोकसंख्येची नोंदवही आपल्या हातात ठेवली. पुढं १९९४ पर्यंत शिक्षणाला, नोकरीला बाहेर गेलेल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची नावं, मुदतीत परतले नाहीत म्हणून, रहिवासी यादीतून उडवली. गाझातल्या निर्वासितांना इजिप्तनं प्रवासाचा कागद दिला. हातात घेऊन पाहिला तर पासपोर्टच वाटावा. वर इजिप्तचं नाव, आत फोटो, शिक्के. या कागदावर इजिप्तमध्ये शिरायचं तर इजिप्तचाच व्हिसा काढावा लागतो. कागद देणारा देशच कागद ओळखत नाही! असा कागद घेऊन माणूस लंडनच्या अधिकाऱ्यासमोर बसतो, आणि अधिकारी विचारतो की आपण नेमके कुठले, हे समाधानकारकरीत्या सिद्ध करू शकता का?

ब्रिटनच्याच अपर ट्रायब्युनलनं २०११ मध्ये गाझाला परतण्याबाबत मार्गदर्शक निकाल दिला. इजिप्तकडून राफाहची सीमा ओलांडून परतणाऱ्याला जे भोगावं लागेल ते, आणि गाझातली एकूण परिस्थितीसुद्धा, छळ किंवा अमानुष वागणूक म्हणण्याइतकी वाईट नाही, असा त्याचा मथितार्थ. २००८-०९ च्या युद्धाला तेव्हा दोन वर्षं झाली होती, नाकेबंदी चालू होती. गंमत म्हणजे सक्तीनं परत पाठवणं प्रत्यक्षात घडण्यासारखं नाही, याची जाणीव त्या विचारातही होती. म्हणजे पाठवता येत नाही हे ठाऊक आहे, तरी 'पाठवला असं समजा' असं धरून चालायचं आणि त्या समजुतीतल्या गाझात तो सुखरूप राहील असं ठरवायचं. काल्पनिक विमान, काल्पनिक सीमा, काल्पनिक सुरक्षितता. खरा असतो तो फक्त नकार.

एकाला मात्र खरोखर पाठवलं गेलं. अल्-मासरी, गाझाचा, २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात आला, अर्ज फेटाळला, त्यानंही लिहून दिलं की मला परत पाठवा, त्यालाही महिनोन्‌महिने कोंडून ठेवलं कारण पाठवता येईना. ऑगस्ट २००२ मध्ये फेडरल कोर्टाच्या न्या. मर्केल यांनी त्याला सोडायचा हुकूम दिला. पुढच्याच महिन्यात वाट सापडली आणि तो गाझाला गेला. सरकारनं अपील केलं, २००३ मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठानं न्या. मर्केल यांचंच बरोबर ठरवलं, आणि वर सांगितलेल्या २००४ च्या निकालानं तेही पुसलं. अल्-मासरीला २००८ मध्ये खान युनिसमध्ये गोळ्या घालून मारण्यात आलं. गोळ्या झाडणारे ऑस्ट्रेलियाचे अधिकारी नव्हते, हे मी स्वतःच सांगून टाकतो. नाहीतर कुणीतरी लगेच बोट दाखवील. माझं म्हणणं एवढंच की परतण्यात धोका नाही असं ज्या फाईलवर लिहिलं होतं, ती फाईल बंद करून कपाटात गेली होती आणि कुणी ती पुन्हा उघडली नाही. पुनर्विलोकनाला माणूस पुढं जगला की मेला याच्याशी देणंघेणं नसतं. निर्णयाच्या तारखेला कागद नीट होते ना?

निर्वासित करारात पॅलेस्टिनींसाठी आणखी एक सापळा आहे, त्याचं नाव कलम १ ड. संयुक्त राष्ट्रांची दुसरी एखादी संस्था ज्यांना मदत देते त्यांना हा करार लागू नाही. ही संस्था म्हणजे उनर्वा. १९४९ च्या ठरावानं जन्मलेली, १९५० पासून जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, पश्चिम किनारा आणि गाझा इथं शाळा, दवाखाने आणि रेशन चालवणारी. पण कलमाचं दुसरं वाक्य म्हणतं, ही मदत कोणत्याही कारणानं थांबली तर ती माणसं आपोआप या कराराच्या लाभास पात्र. आपोआप! छळ सिद्ध करायची गरज नाही. कायमच्या अंगावर पडलेल्या या लोकांसाठी जगानं एवढं एक वाक्य लिहून ठेवलं होतं. ब्रिटनच्या त्याच कोर्ट ऑफ अपीलनं २००२ मध्ये त्याचं काय केलं? हे कलम फक्त २८ जुलै १९५१ रोजी, म्हणजे करारावर सह्या झाल्या त्या दिवशी, ज्यांना मदत मिळत होती त्यांनाच लागू, असा अर्थ लावला. म्हणजे त्या दिवशी जो पाळण्यात होता तो निकालाच्या वेळी एक्कावन्न वर्षांचा. त्याच्या मुलाला, नातवाला काही नाही. निर्वासितपण वारसाहक्कानं मिळतं, संरक्षण मात्र नाही.

या निकालातला फोलपणा दाखवायला दुसरं कोर्ट लागलं. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं २०१० मध्ये बोलबोल खटल्यात ही १९५१ ची तारखेची भिंत पाडली. २०१२ च्या अल्-कोट खटल्यात लेबनॉनच्या छावण्यांतून हंगेरीला आलेल्यांबाबत सांगितलं की माणसाच्या हाताबाहेरच्या कारणानं त्याला उनर्वाचं क्षेत्र सोडावं लागलं तर त्याला निर्वासित मानायलाच हवं. आणि १३ जून २०२४ ला बल्गेरियातल्या गाझाच्या एका आईच्या आणि तिच्या लेकराच्या प्रकरणात म्हटलं की उनर्वा कोणत्याही कारणानं तिथल्या लोकांना माणसासारखं जगायला किमान आधार देऊ शकत नसेल, तर तिचं संरक्षण संपलं असंच धरायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं उनर्वाच्या कामावर बंदीचे कायदे केले. तरी अजून अमुक कुटुंबाला गाझात उनर्वाची मदत मिळू शकते का, यावर युरोपातले अधिकारी टिपणं लिहीत असतील तर मला नवल वाटणार नाही.

लक्झेंबर्गचं नाव मी मुद्दाम घेतोय. कारण 'न्यायाधीश एवढंच करू शकतात' हे जे सगळीकडे ऐकवलं जातं, ते खोटं आहे याचा पुरावा तिथं आहे. २०१८ च्या अल्हेतो खटल्यात (अर्जदार बाई तीही गाझाची, प्रकरण बल्गेरियातलं) या कोर्टानं बजावलं की आश्रयाच्या प्रकरणात पहिल्या कोर्टानं वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही नव्यानं, पूर्ण, निकालाच्या दिवसापर्यंतचे तपासलेच पाहिजेत. फाईलच्या तारखेचे नाही, आजचे. पुढच्या वर्षी तोरुबारोव खटल्यात आणखी एक पाऊल. हंगेरीत कोर्ट नकार रद्द करायचं आणि खातं तोच नकार पुन्हा द्यायचं, असं दोनदा झालं. हंगेरीनं कायदा बदलून खात्याचा निर्णय बदलायचा कोर्टाचा अधिकारच काढून घेतला होता. लक्झेंबर्गनं सांगितलं, खातं कोर्टाचं ऐकत नसेल तर कोर्टानं स्वतः निर्णय द्यायचा आणि आड येणारा देशी कायदा बाजूला सारायचा. आभाळ कोसळलं नाही. न्यायाधीश मंत्री झाले नाहीत.

यावर ठरलेला आक्षेप असतो: मग लोंढे येतील. येऊ नयेत असं वाटत असेल तर सरकारांनी सरळ सांगावं की आम्ही १९५१ च्या करारातून बाहेर पडतो. तेवढी हिंमत नाही. करारावरची सही अभिमानानं मिरवायची, आणि ती राबवायची वेळ आली की अधिकाऱ्याला पुढं करायचं, अधिकाऱ्यानं कायद्यावर बोट ठेवायचं, कोर्टानं अधिकाऱ्याच्या अधिकारावर. तिघांपैकी 'तुला आम्ही घेत नाही' हे वाक्य तोंडानं कुणीच उच्चारत नाही. लोकशाहीतल्या मतदारांचा मान राखायचा म्हणतात. मतदारांनी निवडलेल्या संसदेनं करारच कायद्यात आणलाय ना? मग तो मान नेमका कोणत्या मतदारांचा?

ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाला ८ नोव्हेंबर २०२३ ला उपरती झाली. नागरिकत्व नसलेल्या एका रोहिंग्याच्या खटल्यात सातही न्यायमूर्तींनी एकमतानं ठरवलं की ज्याला पाठवण्याची वास्तव शक्यताच नाही त्याला कोंडून ठेवता येणार नाही. बैल गेला अन् झोपा केला. सुमारे दीडशे माणसं बाहेर आली. संसदेनं दहा दिवसांच्या आत त्यांच्या घोट्यांना पट्टे आणि रात्रीची संचारबंदी लावणारा कायदा केला, आणि वर्षभरानं हायकोर्टानं तोही उडवला. २००४ ते २०२३ या काळात त्या जुन्या निकालाच्या जोरावर किती जणांची किती वर्षं गेली, त्याचा हिशेब त्या चौघांपैकी कुणाला कुणी मागितला नाही.

आपण हे सगळं गॅलरीत बसून बघतोय असं समजू नका. भारत १९५१ च्या करारावर सही केलेला देश नाही, आपल्याकडे आश्रयाचा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून पुनर्विलोकन करायला नाकारलेला अर्जसुद्धा नसतो. १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता देणाऱ्या पहिल्या काही देशांत आपण होतो, हे भाषणात सांगायला बरं असतं. पण परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार जवळजवळ अमर्याद आहे हे आपलं सर्वोच्च न्यायालय १९५५ पासून सांगत आलंय. ८ एप्रिल २०२१ ला जम्मूत ठेवलेल्या रोहिंग्यांबाबत त्यानं हस्तक्षेप केला नाही. विहित पद्धत पाळा आणि पाठवा, एवढंच सांगितलं. ४ फेब्रुवारी २०२५ ला आसामच्या प्रकरणात त्यानं सरकारला विचारलं की ६३ परकीयांना पाठवायला कसल्या मुहूर्ताची वाट बघताय? सरकार म्हणालं, त्यांचा परदेशातला पत्ता आम्हाला माहीत नाही. कोर्ट म्हणालं, पत्ता नसला तरी त्या देशाच्या राजधानीत पाठवता येईल. ज्या देशानं 'हा आमचा' असं म्हटलेलंच नाही, त्याची राजधानी कोणती धरायची, याचं उत्तर मुहूर्तात सापडत नाही.

म्हणून माझं म्हणणं रोखठोक आहे. नागरिकत्व नसलेल्याचा आश्रयाचा अर्ज नाकारला गेला आणि तो कोर्टात आला, तर कोर्टानं पहिल्याच तारखेला सरकारला एकच प्रश्न विचारावा: पाठवणार कुठे, आणि त्या देशाचं घेतो म्हणून लेखी पत्र आहे का? पत्र नसेल तर माणूस तुरुंगाबाहेर, आणि रिमांडच्या फेऱ्या बंद. एकदा रद्द झालेला नकार खात्यानं पुन्हा तसाच दिला तर दुसऱ्या वेळी निर्णय कोर्टानं स्वतः द्यावा. हे करायला नवा करार लागत नाही, नवं घटनादुरुस्ती विधेयक लागत नाही. रिटचे अधिकार सगळ्या मोठ्या कोर्टांकडे आहेत. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, पणजी इथल्या ज्या वकील मित्रांकडे परदेशी नागरिकांना घालवून देण्याची प्रकरणं येतात, त्यांनी हा प्रश्न अर्जाच्या पहिल्या पानावर टाकावा. न्यायमूर्तींनी टाळला तर रोजनाम्यात नोंद मागावी.